अमेरिकेच्या दक्षिणेतील गोड थंड चहा : एका पेयाची घडण

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, म्हणजे व्हर्जिनियापासून जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपीपर्यंतच्या पट्ट्यात, जेवणाबरोबर बर्फ घातलेला गोड कोरा चहा इतका गृहीत धरला जातो, की तो वसाहतकाळापासून चालत आलेला रिवाज असावा असा समज सहज होतो. प्रत्यक्षात या पेयाला आजचे रूप विसाव्या शतकात आले. चहा, साखर आणि बर्फ हे तिन्ही जिन्नस दीर्घकाळ केवळ सधन घरांतच एकत्र येऊ शकत होते. ते साध्या स्वयंपाकघरात पोहोचले त्यामागे दूरदेशीचा व्यापार, गुलामगिरी, यंत्रे आणि युद्धे आहेत. मात्र साखर पेल्यातून निघून चहाच्या भांड्यात केव्हा आणि का गेली, हाच या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे.

या तिन्हींत दक्षिणेला सर्वांत दुर्मीळ होता तो बर्फ. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८०६ मध्ये बर्फाचे पहिले जहाज मार्टिनिक बेटावर धाडले आणि पुढे चार्ल्स्टन, सव्हाना, न्यू ऑर्लीन्स या दक्षिणी बंदरांत या व्यापाराचा जम बसवला. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून कापलेले बर्फाचे ठोकळे लाकडाच्या भुशात रचून जहाजात भरले जात आणि बंदरावरील जाड भिंतींच्या बर्फघरांत साठवले जात. हाच अमेरिकी बर्फ १८३० च्या दशकात कलकत्ता व मुंबईपर्यंत येऊ लागला होता. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, तेव्हा हा पुरवठा तुटला आणि फर्दिनां कारे या फ्रेंच अभियंत्याची बर्फ तयार करणारी यंत्रे नाकेबंदी चुकवून दक्षिणेत आणली गेली. अमोनिया वायू पाण्यात शोषून घेणे व पाणी तापवून तो पुन्हा मोकळा करणे या चक्रातून थंडावा निर्माण करणारी ही यंत्रे होती. युद्धानंतर दक्षिणेतील शहरांत बर्फाचे कारखाने निघाले आणि बर्फ हळूहळू रोजच्या खरेदीची वस्तू झाला.

साखरेचा इतिहास याहून कठोर आहे. लुइझियानात एत्येन द बोरे याने १७९५ मध्ये उसाच्या रसापासून दाणेदार साखर यशस्वीपणे काढल्यावर तेथे उसाचे मळे झपाट्याने वाढले. त्या मळ्यांवरची तोडणी आणि उकळत्या कढयांपाशी रस एका कढईतून दुसरीत ओतण्याचे जीवघेणे काम गुलाम केलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांकडून करून घेतले जात असे. न्यू ऑर्लीन्समध्ये एका मुक्त कृष्णवर्णीय स्त्रीच्या पोटी जन्मलेल्या नॉर्बर्ट रिलिए या अभियंत्याने १८४० च्या दशकात एका भांड्यातील वाफेने पुढच्या भांड्यातील रस कमी दाबाखाली आटवण्याची पद्धत सिद्ध केली. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांतही रस आटवला जातो तो मूलतः याच तत्त्वाने. दक्षिणेच्या आतिथ्याची खूण म्हणून या गोड पेयाचे कौतुक होते, तेव्हा त्या गोडीमागील हा श्रमांचा इतिहास सांगितला गेलाच पाहिजे.

घरगुती कृतींच्या पुस्तकांत या पेयाची वाटचाल टप्प्याटप्प्याने दिसते. लेटिस ब्रायन यांच्या १८३९ च्या ‘द केंटकी हाउसवाइफ’ मध्ये थंड चहा आहे, परंतु तो मद्यमिश्रित पंच आहे: कडक चहात सुमारे ५७० ग्रॅम साखर, गोड साय आणि लाल द्राक्षमद्याची किंवा शॅम्पेनची एक बाटली. मेरियन कॅबेल टायरी यांनी १८७९ मध्ये संपादित केलेल्या ‘हाउसकीपिंग इन ओल्ड व्हर्जिनिया’ मध्ये मद्य नाही. तेथे सकाळी उकळत्या पाण्यात घातलेला हिरवा चहा दुपारी न ढवळता गाळून ठेवायचा, संध्याकाळी तळचा गाळ मागे ठेवून ओतायचा आणि बर्फाने भरलेल्या प्रत्येक पेल्यात दोन चमचे साखर घालायची, असे सांगितले आहे. तुरटपणा मारण्यासाठी लिंबू पिळण्याची सूचनाही आहे. म्हणजे साखर अजून पेल्यातच होती आणि चहा हिरवा होता.

१९०४ च्या सेंट लुइस येथील जागतिक प्रदर्शनात रिचर्ड ब्लेचिंडेन याने उकाड्यामुळे गरम चहा खपेना म्हणून त्यात बर्फ घातला आणि थंड चहाचा शोध लागला, ही कथा त्यामुळे टिकत नाही. मिसुरीतील नेवाडा गावी १८९० मध्ये भरलेल्या दक्षिणेच्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात ८८० गॅलन थंड चहा प्यायला गेल्याची नोंद तत्कालीन वृत्तपत्रात आहे. तरीही ब्लेचिंडेनला कथेतून अगदी वगळता येत नाही, कारण तो भारतीय चहाचा प्रचारक होता आणि चीन-जपानच्या हिरव्या चहाची सवय असलेल्या अमेरिकेत काळा चहा रुजवणे हेच त्याचे काम होते. १९२८ मध्ये अटलांटाच्या हेन्रिएटा डल यांनी ‘सदर्न कुकिंग’ लिहिले, तोवर थंड चहासाठी काळ्या चहालाच पसंती मिळू लागली होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानी चहा बंद झाल्यावर हा बदल कायमचा झाला.

डल यांचे पुस्तक आणखी एका कारणासाठी मोलाचे आहे. चहा गरम असतानाच साखर घातली तर ती कमी लागते, हे त्या मान्य करतात. परंतु गोड केलेला चहा गरजेपेक्षा जास्त होऊन वाया जातो, म्हणून त्यात बचतीपेक्षा नासाडीच अधिक, असा त्यांचा आक्षेप आहे. एका अनुभवी गृहिणीचा हा हिशेब दाखवतो, की आज जी कृती परंपरा म्हणून सांगितली जाते तिच्यावर १९२८ मध्येही एकमत नव्हते. आजच्या कृतीत उकळत्या पाण्यात टी-बॅग मुरवून कडक अर्क काढतात, गरम असतानाच त्यात गॅलनला, म्हणजे सुमारे पावणेचार लिटरला, एक ते दोन कप साखर विरघळवतात आणि मग गार पाणी ओततात. साखर गार चहात घातली तर सावकाश विरघळते आणि पेल्याच्या तळाशी बसते. कडक चहा निवताना त्यातील कॅफीन आणि तुरट द्रव्ये एकमेकांना धरतात व तो गढूळ दिसतो, म्हणून अनेक घरांत चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची रीत आहे. त्याने तुरटपणाही कमी होतो. डल यांचा आक्षेप पुढे मागे पडला, याचे एक सबळ कारण घरोघरी आलेला विजेचा फ्रिज हे असावे. भांडेभर चहा एकदाच गोड करून दिवसभर गार ठेवता येऊ लागला, तेव्हा उरलेला चहा फेकून देण्याची गरज राहिली नाही.