सरासरीच्या आत काय आहे?

सरासरी मजुरी इतकी वाढली असे आम्हां कामगारांना सांगितले, की आम्ही विचारतो : सर्वांत कमी किती? मिश्र पदार्थांच्या शास्त्राच्या इतिहासातही आम्हांला हाच प्रश्न भेटला.

द्रवात बारीक कण मिसळले तर त्याचा दाटपणा किती वाढतो, याचे गणित आइनस्टाइनने 1906 मध्ये मांडले आणि 1911 मध्ये त्यातली चूक दुरुस्त केली. त्यात कणांनी एकूण किती जागा व्यापली एवढेच धरले होते. एकेक कण केवढा, हे नव्हते. कण घालून मजबूत केलेल्या रबराचे हिशेबही पुढे याच वाटेने गेले.

जपानात टोयोटाच्या संशोधकांनी 1993 मध्ये जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांनी ही समजूत अपुरी ठरवली. नायलॉन हे तापवले की वितळणारे प्लॅस्टिक. मातीच्या सुमारे 1 नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यांमधल्या फटींतच त्यांनी नायलॉनच्या साखळ्या वाढवल्या. माती शेकडा 5 देखील नव्हती. पण ताठपणा जवळजवळ दुप्पट झाला!

कारण पृष्ठभागात आहे. 1 सेंटिमीटरच्या घनाचे 1 नॅनोमीटरचे घन केले, तर 6 चौरस सेंटिमीटरचा पृष्ठभाग 6000 चौरस मीटर होतो. म्हणजे सुमारे दीड एकर. एवढ्या जागेवर साखळ्या कणांना धरून असतात. बळ त्या पकडीत आहे.

ती पकड अणूंच्या पातळीवरच मोजावी लागते. हैदराबादेत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी 1964 मध्ये अमेरिकेत द्रवरूप आर्गॉनच्या 864 अणूंची हालचाल संगणकावर मांडली. आजचे संगणक कोट्यवधी अणू हाताळतात. तरी प्लॅस्टिकचा एक सबंध तुकडा त्यांनाही पेलत नाही. म्हणून पायऱ्या केल्या. अणूंवरून पकड काढायची, ती कण व भोवतालचे प्लॅस्टिक यांच्या हिशेबात घालायची. मग 1973 च्या मोरी-तानाका पद्धतीसारख्या रीतीने सरासरी काढून सबंध वस्तूपर्यंत जायचे.

अखेर सरासरीच; पण खालचा हिशेब घेऊन आलेली. तरीही एक धोका उरतो. गणितात कण बहुधा सारखे पसरलेले धरतात. यंत्रात त्यांच्या गुठळ्या होतात, आणि तडा पुष्कळदा गुठळीपाशीच सुरू होतो. म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की या जिन्याची एक पायरी मिश्रणाच्या यंत्रापाशीही असावी, आणि तेथे उभ्या असलेल्या कामगाराला काय दिसले हे कोणी तरी विचारावे.