कोळंबीतील लिंगनिश्चितीचे जनुकशास्त्र : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

जगदंबा देवस्थान, तलाव आणि १९७४ पासूनचे औष्णिक विद्युत केंद्र यांमुळे नागपूर जिल्ह्यातील कोराडी परिचित आहे. समुद्रापासून दूर असलेल्या या परिसरातील तळ्यांतही गोड्या पाण्यातील मोठी कोळंबी, म्हणजेच विदर्भात ज्यास ‘झिंगा’ म्हणतात ती, वाढू शकते. तिच्या अळ्यांना मात्र निमखारे पाणी लागते, हे शाओ-वेन लिंग यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी पेनांग येथे सिद्ध केले. त्यामुळे तळेधारकास बीजोत्पादन केंद्रावर अवलंबून राहावे लागते. या जातीत नर मादीहून मोठा होत असल्याने बिजातील नर-मादी प्रमाण हा त्याच्या उत्पन्नाचा प्रश्न ठरतो.

या प्रश्नाचे उत्तर मत्स्यशेतीतून नव्हे, तर मूलभूत संशोधनातून मिळाले. १९५४ मध्ये एलेन शार्निओ-कोतोँ या फ्रेंच संशोधिकेने ऑर्केस्टिया या लहानशा कवचधारी प्राण्यात शुक्रवाहिनीलगतची अँड्रोजेनिक ग्रंथी शोधली. ती मादीत रोपली असता मादीत नराची लक्षणे प्रकटली. १९८० मध्ये झिंग्यातही अशा शस्त्रक्रियेने लिंगपालट साधला. अशा प्राण्यांच्या संकरातून १९९० च्या सुमारास गुणसूत्रांचे गणित स्पष्ट झाले. मनुष्यात नराची लिंग-गुणसूत्रे भिन्न असतात. येथे मादीची भिन्न (डब्ल्यू-झेड), तर नराची समान (झेड-झेड) असतात. म्हणूनच मादी बनविलेल्या नराचा सामान्य नराशी संकर केल्यास सर्व संतती नर निपजते.

पुढे या ग्रंथीतील इन्सुलिनसदृश संप्रेरकाचे जनुक ओळखले गेले. २०१२ मध्ये इस्राएलमधील संशोधकांनी ते जनुक तात्पुरते निष्प्रभ करून, शस्त्रक्रियेवाचून, नराचे पूर्णतः प्रजननक्षम मादीत रूपांतर केले. गुणसूत्र केवळ दिशा देते व ग्रंथी ती अमलात आणते, हे यातून सिद्ध झाले.

तथापि, सर्व-नर पीक निर्दोष नाही. प्रबळ नरांच्या वर्चस्वामुळे इतर नर खुरटतात व मालाचा आकार विषम राहतो. त्यामुळे २०१६ पासून डब्ल्यू-डब्ल्यू माद्यांद्वारे सर्व-मादी बीज निर्मितीचा मार्गही पुढे आला. सागरी टायगर कोळंबीत तर मादीच मोठी होते. सारांश, कोणते लिंग लाभदायक हे जातीनुसार व बाजारानुसार ठरते.

विदर्भाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा की, एकलिंगी पिकातून तळेधारकास पुढील पिढी घेता येत नाही. निमखाऱ्या पाण्यामुळे आलेले परावलंबन या तंत्राने अधिक दृढ होते. म्हणून जनुकज्ञानाचा लाभ तळ्यापर्यंत पोहोचवायचा असेल, तर असे बीज वाजवी दरात व खात्रीने उपलब्ध होणे अगत्याचे आहे.