तीन सेकंदांची शिल्लक

ऑक्टोबर १९८२ मध्ये सोनी कंपनीने जपानच्या बाजारात पहिला सीडी-प्लेअर विक्रीस आणला, तेव्हा ते यंत्र दिवाणखान्यातील फडताळावर स्थिर बसून गाण्यासाठीच घडविलेले होते. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९८४ मध्ये, त्याच कंपनीचा डी-५० हा प्लेअर हातात धरता येईल एवढा लहान होऊन अवतरला. त्याच्या निर्मितीचे प्रमुख कोझो ओसोने यांनी सुमारे ४ सेंटिमीटर जाडीचा, तबकडीहून जेमतेम मोठा असा एक लाकडी ठोकळा आपल्या अभियंत्यांपुढे ठेवून, यंत्र एवढ्यात मावलेच पाहिजे, असे फर्मान सोडले होते आणि ते फर्मान त्यांनी तंतोतंत तामील केले. परंतु आकार लहान झाला म्हणून यंत्र प्रवासाच्या लायकीचे झाले असे नव्हे. ते खांद्याला अडकवून चालू लागताच गाणे मध्येच तुटे, पुढे उडी घेई किंवा मागच्या ओळीवर येऊन पडे.

या व्याधीचे मूळ तबकडीच्या रचनेतच आहे. अवघ्या १२ सेंटिमीटर व्यासाच्या त्या पृष्ठावर ५ किलोमीटरांहून लांब असा एकच सर्पिल मार्ग गुंडाळलेला असतो, त्याच्या दोन लगतच्या वळशांत १.६ मायक्रॉन एवढेच अंतर असते, आणि त्यावरील खाचा वाचणारे लेसरचे भिंग नाजूक आधारांवर अधांतरी झुलत, विद्युत्-वेटोळ्यांच्या बळावर क्षणोक्षणी आपली जागा सावरीत असते. तबकडीवर ओरखडा उठल्यास यंत्र डगमगत नाही, कारण ध्वनीच्या संख्यांबरोबरच दुरुस्तीच्या संख्याही मार्गावर विखरून नोंदविलेल्या असतात, व त्यांच्या आधाराने सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग मजकूर नष्ट झाला तरी तो जसाच्या तसा उभा करता येतो. हादऱ्याची गोष्ट मात्र निराळी. तेथे मजकूर नष्ट होत नाही; वाचणाराच आपल्या वळशावरून ढळून भलत्याच वळशावर जाऊन पडतो, आणि दुरुस्तीच्या त्या विद्येचा तेथे काडीचाही उपयोग होत नाही.

आरंभीचे सर्व उपाय स्थैर्याचे होते, आणि ते स्वाभाविकही होते: वाचनयंत्रणा स्प्रिंगांवर व रबरी आधारांवर तोलून धरावी, भिंगास मार्गावर राखणारी पकड अधिक कडक करावी. पण ही पकड फार कडक केली की भिंग प्रत्येक ओरखड्यालाच मार्ग समजून त्याच्यामागे धावू लागे. म्हणजे एका दोषाचा बंदोबस्त करताना दुसऱ्यास वाट मोकळी होई.

१९९० च्या दशकाच्या आरंभी जो उपाय रूढ झाला, त्याने प्रश्नाचे स्वरूपच पालटले. हादरा टाळणे अशक्य आहे, हे मान्य करून अभियंत्यांनी वाचन आणि वादन या दोन क्रियांची फारकत केली. तबकडी दुप्पट वेगाने फिरवावयाची, वाचलेल्या संख्या स्मृति-चिपमध्ये जमा करावयाच्या आणि गाणे त्या शिलकेतून, आपल्या नेहमीच्या संथ गतीने, खर्ची टाकावयाचे. जाणता शेतकरी सुगीत कोठार भरून ठेवतो त्यातलाच हा प्रकार. ध्वनीचे दर सेकंदास ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह, म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट एवढा हा खर्च असल्याने ४ मेगाबिटांच्या चिपमध्ये जेमतेम तीन सेकंद मावत. पण ढळलेल्या भिंगाला आपली जागा पुन्हा शोधण्यास तेवढी सवड पुष्कळ होती.

माझ्या मते या तजविजीतले खरे बुद्धिवैभव साठवणुकीत नाही, सांधण्यात आहे. तबकडीवर सेकंदाच्या दर पंचाहत्तराव्या भागाला मिनिट-सेकंदांचा पत्ता नोंदविलेला असतो. त्याच्या आधाराने भिंग मागे परतते खरे, परंतु एकेका नमुन्याचा हिशेब लावण्याइतका तो पत्ता काटेकोर नसतो. म्हणून यंत्र थोडे मागूनच वाचू लागते, नव्याने येणारे नमुने शिलकेतील अखेरच्या नमुन्यांशी ताडून पाहते, आणि ते जेथे जुळतील नेमक्या तेथून पुढची भर घालते. हा सांधा एका नमुन्याने जरी चुकला तरी कानाला खट्ट असा आवाज जाणवण्याचा संभव असतो.

पुढे तीनाचे दहा व दहाचे चाळीस सेकंद झाले. चाळीसाची मजल पुष्कळदा ध्वनीच्या संख्या आवळून गाठलेली असे, आणि त्या आवळण्यात स्वराचा थोडा कस उतरे. शिवाय दुप्पट वेगामुळे बॅटरीही लवकर संपे. म्हणून चोखंदळ श्रोता घरी स्वस्थ बसला असता हे संरक्षण बंद ठेवी, आणि ते योग्यच होते. १९९२ च्या अखेरीस आलेल्या मिनीडिस्कमध्ये तर ध्वनी मुळातच सुमारे पंचमांश करून नोंदविलेला असल्यामुळे दहा सेकंदांची शिल्लक पहिल्या यंत्रापासूनच शक्य झाली. २००१ साली निघालेल्या पहिल्या आयपॉडमध्ये तबकडीच्या जागी हार्ड डिस्क आली, तरी फिरते चक्र व त्याला बसणारा धक्का ही जोडी कायमच होती. तेथे ३२ मेगाबाइटांची स्मृती तैनात करून शिल्लक वीस मिनिटांवर नेण्यात आली. त्यानंतर थोड्याच वर्षांत खिशातल्या प्लेअरमधून फिरते चक्रच नाहीसे होऊन सारे गाणे चिपमध्ये राहू लागले.