तळटीप : आब महिना आणि बिरड्याचा रोजा

आब हा ज्यू पंचांगातला महिना जुलै-ऑगस्टच्या सुमारास येतो. मराठी महिन्यांप्रमाणे तोही अमावास्येनंतर सुरू होतो. त्यामुळे त्याची नववी तिथी आषाढ किंवा श्रावण शुद्ध नवमीच्या आसपास पडते. याच तिथीला जेरुसलेमच्या दोन्ही मंदिरांच्या विध्वंसाचा शोक पाळतात. पहिले मंदिर बाबिलोनी सैन्याने इ.स.पू. ५८६ मध्ये आणि दुसरे रोमनांनी इ.स. ७० मध्ये पाडले. सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत कडक उपवास असतो. सिनॅगॉगमध्ये लोक जमिनीवर बसून विलापगीत वाचतात. कोकणातले बेने इस्राएल ज्यू या उपवासाला ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत, कारण त्याच्याशी मोड आलेल्या, सोललेल्या वालाचे बिरडे जोडलेले होते. परक्या भूमीतली आठवण अशी कोकणी स्वयंपाकघरात रुजली, हे विशेष महत्त्वाचे.

दुसरे मंदिर माणसांच्या आपसातल्या निष्कारण द्वेषामुळे गेले, असे तालमूद हा ज्यू धर्मग्रंथ सांगतो. म्हणून हा शोक आत्मपरीक्षणाचाही ठरतो. पुढचे सात शनिवार यशया संदेष्ट्याची सांत्वनपर वचने वाचली जातात. आबच्या पंधराव्या तिथीला तर पूर्वी आनंदोत्सव असे. जेरुसलेमच्या मुली उसनी पांढरी वस्त्रे नेसून द्राक्षमळ्यांत नाचत. सगळ्यांचीच वस्त्रे उसनी, म्हणजे गरीब मुलीला लाजण्याचे कारण उरू नये. आबनंतर पश्चात्तापाचा एलूल महिना लागतो. त्या महिनाभराच्या उपवासांना बेने इस्राएल ‘रमजान’ म्हणत.