अर्बुदाची वंशावळ

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या दरम्यान वसलेल्या कुंभकोणम् नगरीत, तंजावरच्या भोसल्यांच्या अमदानीत कारभाराच्या निमित्ताने येऊन राहिलेली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या तेथलीच झालेली जी मराठी घराणी आहेत, त्यांचा वृत्तांत लिहावयाचा तर वंशावळीवाचून पाऊल पुढे पडत नाही. याच नगरीत १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव हे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे क्रमाने दिवाण झाले, आणि त्यांचे वडील व चुलते यांनीही त्रावणकोरची दिवाणगिरी केलेली होती. अशा घराण्यांची हकीकत मूळपुरुष, शाखा, सोयरिकी, सनदा आणि इनामे या क्रमाने मांडण्याची आपली जुनी वहिवाट आहे. परंतु इतक्या बारीक तपशिलातही एक रकाना बहुधा कोराच राहतो, आणि तो म्हणजे कोण कोणत्या व्याधीने व कोणत्या वयात गेला हा. अस्थी, स्नायू, मेद, कंडरा आणि त्यांना जोडणारी ऊतके यांत उद्भवणाऱ्या ज्या अर्बुदांना वैद्यकात सार्कोमा म्हणतात, त्यांच्या जनुकांचा छडा कसा लागला याची कुळकथा पाहू गेल्यास या कोऱ्या रकान्याचे मोल ध्यानात येते. कारण त्या संशोधनाचा एक मोठा प्रवाह प्रयोगशाळेतून नव्हे, तर काही कुटुंबांतील मृत्यूंचा हिशेब चिकाटीने जुळविण्यातून निघालेला आहे.

व्याधी अर्थातच प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी आणि अर्बुद यांचे विवेचन असून मांसार्बुद व मेदोर्बुद असे त्याचे भेदही सांगितले आहेत; आणि मुष्टिप्रहारासारख्या आघाताने मांस दूषित होऊन अर्बुद वाढते, ही त्यातील समजूत आजही गावोगाव ऐकू येते. आघाताने हा रोग होत नाही, आधीपासून असलेल्या गाठीकडे केवळ लक्ष जाते, असे आजचे वैद्यक मानते. परंतु मांसातून उपजणारे अर्बुद निराळे ओळखावे ही दृष्टी मात्र त्या ग्रंथात स्पष्ट दिसते. पाश्चात्त्य शल्यशास्त्रात हेच काम लंडनच्या जॉन अ‍ॅबरनेथी यांनी १८०४ साली अर्बुदांचे वर्गीकरण प्रसिद्ध करून हाती घेतले. त्याच सुमारास कुंभकोणमपासून सुमारे चाळीस किलोमीटरांवरील तंजावरात, १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेल्यामुळे विद्याव्यासंगाकडे वळलेले सरफोजी महाराज आपल्या धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय वैद्यक एकत्र आणीत होते. त्यांच्या आश्रयाने झालेल्या नेत्रचिकित्सेची, रुग्णांच्या डोळ्यांच्या चित्रांसह ठेवलेली टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झालेली आहेत. रोग्याला औषध देऊन वाटेला लावण्याऐवजी त्याची कैफियत कागदावर ठेवावी, म्हणजे पुढच्या वैद्याला ती उपयोगी पडेल, ही बुद्धी तेथे होती. आणि पुढील सारी कथा त्याच बुद्धीची आहे.

जनुकशोधाच्या या वंशावळीला तीन मूळ शाखा आहेत. पहिली शाखा एका कोंबडीपासून निघाली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस यांनी सार्कोमा झालेल्या कोंबडीच्या गाठीचा अर्क, पेशी आणि जंतू अडतील अशा सूक्ष्म गाळणीतून गाळून, निरोगी कोंबड्यांना टोचला आणि त्यांनाही तोच रोग झाल्याचे १९११ मध्ये जाहीर केले. विषाणूमुळे अर्बुद होते ही गोष्ट त्या काळी विद्वानांच्या पचनी पडली नाही. राउस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी. पुढे १९७६ मध्ये मायकेल बिशप, हॅरल्ड व्हार्मस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, त्या विषाणूतील अर्बुदकारक जनुक मुळात विषाणूचे नव्हेच. ते निरोगी पक्ष्यांच्या पेशींतील साधे, आवश्यक असे जनुक असून विषाणूने ते केव्हातरी उचलून नेलेले आहे. रोगाचे बीज बाहेरून येत नसून पेशीच्या रोजच्या व्यवहारातील जनुक बिघडल्याने ते तयार होते, हा कर्करोगशास्त्राचा पायाभूत सिद्धांत अशा रीतीने एका सार्कोमाच्या अभ्यासातून हाती आला.

दुसरी शाखा वनस्पतींच्या गुणसूत्रांची, आणि तिचे एक नाते कुंभकोणमशी पोहोचते. येथील शल्यवैद्य डॉ. सांबशिवन यांच्या घरी १९२५ साली जन्मलेले आणि येथेच शालेय शिक्षण घेतलेले मं. सा. स्वामिनाथन यांनी वडिलांचा व्यवसाय पुढे चालवावा अशी घरची अपेक्षा होती. परंतु १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने व्यथित होऊन ते कृषिविद्येकडे वळले, आणि वाखेनिंगेन, केंब्रिज व विस्कॉन्सिन येथे बटाट्याच्या जातींची गुणसूत्रे अभ्यासून त्यांनी पेशीगत आनुवंशिकीत नाव मिळविले. कर्करोग हा त्यांचा विषय नव्हता; पण ज्या विद्येचे ते उपासक होते, तिनेच मानवी वैद्यकाला हात दिला. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रे सेहेचाळीस असतात हे १९५६ मध्ये निर्विवाद सिद्ध करणारे जो हिन त्जियो आणि अल्बर्ट लेव्हान हे दोघेही वनस्पतींच्या अभ्यासातून आलेले होते. आणि प्रत्येक गुणसूत्र त्याच्यावरील पट्ट्यांवरून ओळखण्याची स्वीडनमधील टॉर्ब्यॉर्न कास्परसन यांची युक्तीही प्रथम वनस्पतींच्याच गुणसूत्रांवर यशस्वी झाली होती. पट्ट्या दिसू लागताच तुटफूट दिसू लागली. जेम्स ईविंग यांनी १९२१ मध्ये वर्णिलेल्या, विशेषतः मुलांत व तरुणांत आढळणाऱ्या अस्थिरोगात, अकराव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राचे तुकडे परस्परांत अदलाबदल झालेले असतात, हे १९८३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी दाखविले. आणि १९९२ मध्ये, दोन वेगळ्या वह्यांची पाने फाटून चुकीने एकत्र शिवली जावीत तशी दोन जनुके तेथे जोडली जाऊन एक विपरीत संयुक्त जनुक कसे तयार होते, त्याचा उलगडा पॅरिसमध्ये झाला. हा बिघाड शरीरातील एखाद्या पेशीत जन्मानंतर घडतो. तो आईबापांकडून येत नाही आणि मुलांकडेही जात नाही. ज्या घरातील मूल या रोगाने आजारी पडले, त्या घरातील मातेला कुळाचा दोष देणाऱ्यांनी हे सत्य नीट समजून घेतले पाहिजे.

तिसरी शाखा कुटुंबांची, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची. अमेरिकेतील फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी या दोन वैद्यांनी स्नायूंचा सार्कोमा झालेल्या ६४८ मुलांची रुग्णपत्रके आणि मृत्यूचे दाखले चाळले, तेव्हा त्यांना अशी चार कुटुंबे आढळली की, ज्यांत भावंडांना किंवा चुलत-मावस भावंडांना तसलाच रोग झालेला होता आणि तरुण मातांना स्तनांचा कर्करोग. भिन्न अवयवांचे हे रोग एकाच कारणाची फळे असावीत, असा तर्क त्यांनी १९६९ मध्ये मांडला. आणि निव्वळ योगायोग म्हणून तो बाजूला सारण्याची प्रवृत्ती असतानाही त्या कुटुंबांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे सोडला नाही. इकडे १९७१ मध्ये आल्फ्रेड नुड्सन यांनी बालकांच्या दृष्टिपटलावरील अर्बुदाची ४८ प्रकरणे गणिताने तपासून असे प्रतिपादिले की, रोग होण्यास एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी व्हाव्या लागतात, आणि वंशपरंपरेच्या रोग्यात त्यांपैकी एक जन्मतःच निकामी असते. त्या नेत्ररोगातून वाचलेल्या अशा मुलांना पुढे अस्थींचा सार्कोमा अधिक प्रमाणात होतो, याचाही अर्थ त्यामुळे लागला. १९८६ मध्ये ते जनुक हाती आले, तेव्हा डोळा आणि हाड या दोहोंच्या रोगाचे मूळ एकच ठरले. अखेर १९९० मध्ये डेव्हिड मॉल्किन, स्टीफन फ्रेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ली व फ्रॉमेनी यांच्या नोंदींतील पाच कुटुंबे तपासून सतराव्या गुणसूत्रावरील पी-५३ या जनुकातील जन्मजात दोष दाखवून दिला. तर्क आणि पुरावा यांच्यामधील ही एकवीस वर्षे दप्तराने तोलून धरली.

कुंभकोणमच्या परिसरात या कथेला आणखी एक बाजू आहे. दक्षिणेतील अनेक समाजांत मामा-भाची आणि आते-मामेभावंडे यांच्या विवाहांची वहिवाट दीर्घकाळ चालत आली, आणि इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीतींमधला हा भेद सविस्तर मांडला आहे. मुंबईत संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बारा अंतर्विवाही गटांतील अशा जवळच्या नात्यातील विवाहांचे प्रमाण मोजले. मामा-भाचीच्या संततीत एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची संभाव्यता एक अष्टमांश, तर आते-मामेभावंडांच्या संततीत एक षोडशांश असते. पी-५३ च्या दोषाला याच्याशी कर्तव्य नाही. तेथे धोक्यासाठी वारशाने आलेली एकच सदोष प्रत पुरेशी असून प्रत्येक अपत्याला ती मिळण्याचा संभव निम्मा असतो, मग विवाह कितीही परक्या कुळात होवो. परंतु रोटमुंड-थॉमसन आणि वेर्नर या विरळा विकारांत, ज्यांतील रुग्णांना सार्कोमाचे भय अधिक असते, दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात, आणि तेथे नात्यातील विवाहाने धोका वाढतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवणे, हेच समंजस मार्गदर्शनाचे मर्म होय.

या ज्ञानाचे फळ आता रुग्णाच्या पदरात पडू लागले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसणाऱ्या गाठी संयुक्त जनुकाच्या तपासणीने वेगळ्या ओळखता येतात. जठर व आतड्यांच्या एका सार्कोमात किट नावाच्या जनुकाचा दोष जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविला, आणि रक्ताच्या कर्करोगासाठी सिद्ध झालेले इमॅटिनिब हे औषध त्यावरही लागू पडले. पी-५३ चा दोष असलेल्यांची नियमाने तपासणी केल्यास अर्बुद लवकर सापडते आणि आयुर्मर्यादा वाढते, असे टोरांटोच्या वैद्यांनी २०११ मध्ये दाखविले. आपल्याकडे १९४१ साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, वसंत रामजी खानोलकर यांनी विकृतिशास्त्राच्या आणि पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राच्या रूपाने तेथे संशोधनाचा पाया घातला, कमल रणदिवे यांनी ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. आणि तमिळ प्रांतात डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी, कर्करोगाने गेलेल्या आपल्या बहिणीचे दुःख मनात बाळगून, १९५४ मध्ये अड्यारला कर्करोग संस्था स्थापिली.

तथापि कोणतीही संस्था जे करू शकत नाही, ते काम घरातच व्हावे लागते. सोयरीक मोडेल या भयाने आजाराचे नाव लपविण्याची आपली सवय घातक आहे; लपविलेला रोग लग्नाने टळत नाही, केवळ पुढच्या पिढीच्या वैद्याला आंधळे करतो. म्हणून प्रत्येक कुटुंबाने निदान तीन पिढ्यांची, आईकडील आणि वडिलांकडील दोन्ही बाजूंची, अशी नोंद ठेवावी की, कोणाला कोणत्या अवयवाचा कर्करोग कोणत्या वयात झाला. पंचेचाळिशीच्या आत एखाद्याला सार्कोमा झालेला असेल, त्याच्या आईवडिलांपैकी, भावंडांपैकी वा अपत्यांपैकी एकाला त्याच वयाच्या आत कोणताही कर्करोग आणि आणखी एका जवळच्या नातलगाला तसाच तरुणपणी कर्करोग किंवा कोणत्याही वयात सार्कोमा झालेला असेल, तर आनुवंशिकीच्या तज्ज्ञाचा सल्ला विनाविलंब घ्यावा. पूर्वजांनी सनदा जपल्या, कारण त्यांवर घराण्याची जमीन अवलंबून होती. या कागदावर घराण्यातील मुलांचे प्राण अवलंबून आहेत, आणि तो लिहावयास आज घरातील वडीलधारी माणसे हयात आहेत तोवरच बसले पाहिजे.