तुरुंगातून आलेले पत्र

१७८९ साली सुरू झालेल्या फ्रेंच राज्यक्रांतीच्या वावटळीत अनेक सरदारघराणी देशोधडीस लागली. कोणी भिंतीत सोनेनाणे दडविले, कोणी जडजवाहीर घेऊन सीमेपलीकडे निसटले. या खऱ्या धामधुमीच्या आधाराने पॅरिसच्या तुरुंगांतील काही बंदिवानांनी एक खोटी कथा रचली. परगावच्या एखाद्या सधन गृहस्थास अनोळखी हस्ताक्षरातील पत्र येई. लिहिणारा स्वतःस एका पळून गेलेल्या सरदाराचा सेवक म्हणवी. पाठलाग होऊ लागल्यामुळे धन्याने रत्नांची पेटी आपल्याच गावाजवळच्या खोल पाण्यात टाकली, ती काढण्यास परत आलो तो पकडलो गेलो, असे तो सांगे. गृहस्थाने कुतूहलाने उत्तर धाडले की दुसरे पत्र येई. पेटीची जागा दाखविणारा नकाशा सामानात अडकून पडला आहे; तेवढे सामान सोडविण्यापुरती रक्कम मिळाली, तर निम्मे धन आपले!

पॅरिसच्या गुप्त पोलीस शाखेचा पहिला प्रमुख व्हिदोक हा स्वतः एके काळी तुरुंगवास भोगलेला मनुष्य होता. त्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही विद्या उघडकीस आणली. अशा शंभर पत्रांपैकी विसांना तरी उत्तर येत असे, ही त्याची नोंद मोठी बोलकी आहे. ही उत्तरे धाडणारे सारे मूर्ख होते असे मानण्याचे कारण नाही. ते व्यवहार जाणणारे, चार पैसे गाठीस असलेले लोक होते. आवळा देऊन कोहळा काढण्याची संधी चालून आली आहे, असा त्यांचा समज होई. प्रत्यक्षात आवळाही जाई आणि कोहळा कधी अस्तित्वातच नसे.

पुढे कथेतील पात्रे बदलली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत स्पेनमधून पत्रे येऊ लागली. आता सेवकाच्या जागी राजकीय कैदी आला, पाण्यातील पेटीच्या जागी चोरकप्प्याची ट्रंक आली, आणि लोभाच्या जोडीला करुणा यावी म्हणून कैद्याची पोरकी होऊ घातलेली कन्याही आली. ‘स्पॅनिश कैदी’ हे या फसवणुकीचे नाव तेव्हापासून रूढ झाले.

यानंतरचा अमेरिकेतील प्रकार अधिक विचार करावयास लावणारा आहे. इंग्रज दर्यावर्दी सर फ्रान्सिस ड्रेक १५९६ साली निपुत्रिक वारला. त्याची अफाट मालमत्ता वारसांवाचून पडून आहे, ती मिळविण्यासाठी न्यायालयीन खर्चाची वर्गणी द्या, परतफेड शेकडो पटींनी होईल, असे आयोवा राज्याच्या ऑस्कर हार्टझेल याने १९२० च्या सुमारास सांगण्यास आरंभ केला. हजारो लोकांनी वर्षानुवर्षे पैसे भरले. या व्यवहाराविषयी बाहेर अवाक्षर काढावयाचे नाही, अशी वर्गणीदारांस अट होती. १९३३ मध्ये हार्टझेल अमेरिकेत परत पाठविला गेला, त्याच्यावर खटला होऊन त्याला शिक्षा झाली. तरीही अनेकांचा विश्वास ढळला नाही. उलट ते त्याच्याच बचावासाठी पैसे धाडीत राहिले.

असे का व्हावे? पहिली रक्कम माणूस आशेने देतो. दुसरी मात्र तो पहिली बुडू नये म्हणून देतो. तिसऱ्या वेळी, आपण फसलो हे स्वतःशी कबूल करण्याची लाज त्याला पैसे द्यावयास लावते. म्हणूनच ठकसेन आरंभी थोडकेच मागतो. पुढचे काम त्याच्या वतीने फसलेल्याचे मनच करीत असते.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत नायजेरियातून अशी पत्रे जगभर जाऊ लागली. आधी टपालाने, मग फॅक्सने, पुढे ई-मेलने. त्या देशाच्या फौजदारी संहितेतील कलमावरून या प्रकारास ‘चारशे एकोणीस’ असे नाव पडले. भारतीय दंडविधानाच्या कलमावरून आपल्याकडे ‘चारसोबीस’ हा शब्द बोलीत शिरला, त्याचेच हे भावंड म्हणावयाचे. शहाणीसुरती माणसे यात सापडत नाहीत, हा भ्रम ब्राझीलमधील एका प्रकरणाने दूर व्हावा. १९९५ ते १९९८ या काळात बान्को नोरोएस्ते या बँकेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने, नायजेरियात होऊ घातलेल्या एका विमानतळाच्या आशेने, बँकेचे चोवीस कोटींहून अधिक डॉलर परदेशी धाडले. तो विमानतळ केवळ कागदावर होता.

आज हेच पत्र भारतात भ्रमणध्वनीवर येते. परदेशी लॉटरी लागली आहे. विमानतळावर भेटवस्तू अडकली आहे, जकात भरा. कर्ज मंजूर आहे, आधी प्रक्रिया-शुल्क धाडा. नोकरी पक्की आहे, अनामत तेवढी ठेवा. कधी त्यावर रिझर्व्ह बँकेचे बनावट बोधचिन्हही असते. वस्तुतः रिझर्व्ह बँक सामान्य व्यक्तींची खाती ठेवीतच नाही, आणि परदेशी लॉटरीत भाग घेण्यासाठी भारतातून पैसे धाडणे परकीय चलनविषयक कायद्याने निषिद्ध आहे. साधने कितीही बदलली तरी दोन खुणा व्हिदोकच्या काळापासून तशाच आहेत: मिळावयाच्या पैशासाठी आधी पैसे मागितले जातात, आणि कोणास सांगू नका असे बजावले जाते.

यांतील दुसरी खूण अधिक घातक होय. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण संसारात पुष्कळदा उपयोगी पडते. येथे मात्र झाकलेल्या मुठीचा लाभ केवळ ठकासच होतो. फसलेला मनुष्य घरच्यांच्या बोलण्यास आणि शेजाऱ्यांच्या हसण्यास भिऊन गप्प बसतो, आणि तोवर पैसा चार खात्यांतून फिरून नाहीसा होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमात फसवणुकीस शिक्षा सांगितली आहे. परंतु तक्रारच झाली नाही तर कायदा काय करणार? सायबर फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत-क्रमांक आहे. त्यावर जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम वाटेत रोखली जाण्याची शक्यता अधिक.

व्हिदोकच्या हिशेबात वीस जणांनी उत्तर दिले, म्हणजे ऐंशींनी दिले नाही. त्यांनी ती पत्रे बहुधा चुलीत टाकली असतील आणि ते आपल्या कामास लागले असतील. त्यांच्यापैकी एखाद्याने ते पत्र गावच्या पारावर वाचून दाखविले असते, तर त्या विसांतील काहीजण तरी वाचले असते. असा संदेश ज्याच्याकडे येईल त्याने तो पुसून टाकण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांस आणि शेजाऱ्यांस एकदा दाखवावा. आणि ज्याचे पैसे गेले असतील त्याला हसण्यापूर्वी त्याच्या हाती दूरध्वनी द्यावा.