रांगेचा फायदा सर्वांना

मुंबईत गोरगरिबांसाठी सरकारने घरे बांधावीत ही कल्पना मूळ कोणाची, असे मला विचाराल तर मी बेधडक सांगेन, उंदराची. इतिहासकार मंडळी गव्हर्नरांची नावे घेतील. घेऊ द्यात. मी पडलो बी.कॉम.; ज्याच्या नावावर जमा पडायला हवी त्याच्याच नावावर टाकावी, एवढीच आमची विद्या. १८९६ साली मांडवीत प्लेग निघाला. त्याच्या आधीही गिरणीकामगार एकेका अंधाऱ्या खोलीत दहा-दहा जण दाटीवाटीने झोपतच होते, पण त्यामुळे दुसऱ्या कोणाची झोप उडाली नव्हती. मग उंदीर मरायला लागले, पाठोपाठ माणसे मरायला लागली, उरलेली गावी पळाली आणि गिरण्या बंद पडायची पाळी आली. तेव्हा सरकार जागे झाले. १८९८ मध्ये कायदा झाला आणि ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ जन्माला आला.

या ट्रस्टची कामाची रीत आमच्या शाखेच्या नूतनीकरणासारखी होती. म्हणजे आधी सगळे काउंटर तोडायचे आणि नवे कुठे बसवायचे याचा विचार सावकाश करायचा. ट्रस्टने गलिच्छ वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. आग्रीपाडा, नागपाडा वगैरे भागांत चाळीही बांधल्या, त्याच बी.आय.टी. चाळी. पण सुरुवातीच्या वर्षांत पाडलेल्या खोल्या जास्त आणि बांधलेल्या कमी, असा ताळेबंद होता. ज्याची खोली पडली त्याला नव्या चाळीचे भाडे झेपेना. तो बिचारा शेजारच्या गल्लीत जाऊन, दहाजणांच्या खोलीत अकरावा म्हणून पथारी पसरी. योजना ज्याच्या नावाने, तो सोडून बाकीच्यांची सोय, हा प्रघात तेव्हापासूनचा आहे. हल्लीचे लोक उगाच हल्लीच्या लोकांना नावे ठेवतात.

खोल्या शंभर आणि माणसे दहा हजार, तर आधी कोणाला द्यायची? सवाशे वर्षे हे शहर या एकाच गणिताशी झटापट करते आहे. ज्याला गरज जास्त त्याला आधी, हे उत्तर आमच्या शिपायालाही सुचते. पण गरज मोजायची कशी? तिला ना वजन, ना लांबी. म्हणून प्रत्येक जमान्याने गरजेऐवजी मोजता येईल अशी दुसरीच एखादी वस्तू शोधून काढली.

१९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ काढले. कामगारांसाठी तब्बल ५०,००० खोल्या बांधायच्या ठरल्या. पैशासाठी कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया कर बसला. प्रत्यक्षात झाल्या २०७ चाळी. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. हिशेब केलात तर साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या होतात. म्हणजे उद्दिष्टाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आपण पोचलो. बँकेत एवढ्या टक्केवारीला मॅनेजरची बदली होते.

गंमत पुढेच आहे. एवढ्या खोल्या बांधल्या, तर घ्यायला माणूस मिळेना! वरळी तेव्हा गावाबाहेर. कामगार म्हणे, गिरणीपासून इतक्या लांब राहायचे आणि वर एवढे भाडेही भरायचे? शेकडो खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडून राहिल्या. शेवटी १९३० च्या कायदेभंगात तुरुंग भरून वाहू लागले, तेव्हा वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला. अर्ज न करता, वशिला न लावता आणि डिपॉझिट न भरता मुंबईत पक्की जागा मिळाली ती या सत्याग्रह्यांनाच. त्यांच्यात आपापसांत रांगेवरून भांडण झाल्याचे ऐकिवात नाही.

आणि आता पाहा. त्या नको असलेल्या खोल्यांत ज्यांनी नाइलाजाने बिऱ्हाड थाटले, त्यांच्या नातवंडा-पतवंडांना १६० फुटांच्या बदल्यात ५०० फुटांचा फ्लॅट मिळू लागला आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. मला त्यांचा हेवा वाटत नाही. (वाटतो. पण सौ. हे पान वाचणार आहे.) शंभर वर्षे सामायिक संडासापुढे डबा घेऊन उभे राहणे हीसुद्धा एक रांगच होती आणि तिच्यात नंबर बराच उशिरा लागला.

माझे आजोबा सांगत, की दुसऱ्या लढाईच्या आधी गिरगावात ‘जागा भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या लोंबत असत आणि घरमालक बिऱ्हाडकरूला चहा पाजत असे. आम्हां नातवंडांना ही रामराज्याची कथा वाटे. लढाई आली, शहर फुगले. पुढे फाळणी आली, निर्वासित आले, आणि पाट्या गेल्या. चहाही गेला. १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. त्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण धरले आणि बिऱ्हाडकरूला सहजासहजी काढता येणार नाही अशी तजवीज केली. मी या कायद्याला नावे ठेवणार नाही. त्याच्याच जिवावर आमच्या तीन पिढ्या चौथ्या मजल्यावर टिकल्या. पण खरे बोलायचे तर या कायद्याने अग्रक्रम कोणाला दिला? जो आत होता त्याला. गाडीच्या डब्यात चढेपर्यंत आपण ‘अहो, सरका ना आत’ म्हणतो आणि चढल्यावर ‘जागा कुठाय?’ म्हणतो, तो न्याय कायद्याच्या पुस्तकात गेला.

शिवाय भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेहक्क मिळे. त्यामुळे मुंबईत वृद्ध नातेवाइकांची सेवा करण्याची फार मोठी लाट आली. ज्या काकांना गावी कोणी पत्र टाकत नसे, त्यांचे पाय चेपायला पुतणे येऊन राहू लागले, आणि येताच पहिल्यांदा रेशनकार्डात नाव घालून घेऊ लागले. ज्याला काकाच नाही, त्याने पागडी द्यायची. पागडी डोक्यावर घालतात असे शाळेत शिकलो होतो. मुंबईत ती टेबलाखालून द्यायची असते. कायद्याने ती गुन्हा होती, म्हणून पावती नाही. सगळ्या शहराचा एवढा मोठा व्यवहार, पण आमच्या एकाही पासबुकात त्याची ओळ नाही! अखेर १९९९ च्या नव्या कायद्याने पागडीला मान्यता दिली, आणि तो कायदा अमलात आणायला सरकारने मुहूर्त काढला ३१ मार्च २००० चा. बँकवाल्यांच्या घरी त्या दिवशी मयत झाली तरी रजा मिळत नाही. तिथे कायदा कोण वाचतो?

रिकाम्या जागा सरकारने स्वतः ताब्यात घेऊन गरजूंना वाटाव्यात, असाही प्रयोग झाला. १९४८ च्या कायद्याने जागा रिकामी झाली की मालकाने सरकारला कळवायचे आणि सरकारने ती कोणा नोकरदाराला किंवा निराश्रिताला द्यायची. कल्पना उत्तम. पण सरकारला घेणे जमते तेवढे परत करणे जमत नाही. १९५१ साली अशा रीतीने घेतलेल्या एका फ्लॅटचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९८४ मध्ये न्यायालयाने सांगितले, की बाबांनो, असा ताबा तात्पुरता असतो. ‘तात्पुरता’ म्हणजे तेहेतीस वर्षे नव्हेत, हे ठरायला तेहेतीस वर्षे लागली.

मग तारखांचे युग सुरू झाले. १९७६ साली झोपड्यांची गणना होऊन फोटोपास दिले गेले. ज्याच्या भिंतीवर सरकारी नंबर पडला, तो माणूस हिशेबात आला. पुढे १ जानेवारी १९९५ ही तारीख ठरली. तिच्या आधीची झोपडी असेल तर फुकट घर, नंतरची असेल तर नाही. मग ती सरकून १ जानेवारी २००० झाली. ज्या मतदारयादीकडे मतदानाच्या दिवशीसुद्धा कोणी ढुंकून पाहत नसे, ती जुनी यादी लोक आईच्या मंगळसूत्राइतकी जपू लागले. ३१ डिसेंबरच्या रात्री गाडीतून उतरलेला आणि १ जानेवारीच्या सकाळी उतरलेला, दोघांचेही छप्पर सारखेच गळते. फरक एवढाच, की गाडी लेट झाली.

कागदपत्रांचे हे शास्त्र पूर्णत्वाला गेले ते म्हाडात. १९४९ साली हाउसिंग बोर्ड होते, १९७७ च्या डिसेंबरात त्याची म्हाडा झाली. तिने माणसांचे चार वर्ण केले: अत्यल्प, अल्प, मध्यम आणि उच्च. हे वर्ण जन्माने नव्हे, तर उत्पन्नाने ठरतात. आता बँकेतल्या नोकराचा महागाई भत्ता दर तीन महिन्यांनी बदलतो. त्यामुळे मी जाहिरात वाचतो तेव्हा ‘अल्प’ असतो आणि अर्ज भरेपर्यंत ‘मध्यम’ होतो. भत्त्याची वाढ दोनशे रुपये आणि घराच्या किमतीतली वाढ वीस लाख! सौ. म्हणते, “तुम्ही साहेबांना सांगून ते दोनशे रुपये परत का नाही करत?”

शिवाय अर्जाआधीच्या २० वर्षांत १५ वर्षे महाराष्ट्रात राहिल्याचा दाखला हवा. आणि मग राखीव रकाने. माजी सैनिकांना ५ टक्के. त्याबद्दल कोणाचे दुमत असू नये. पत्रकारांना अडीच टक्के. कलावंतांना दोन टक्के. आजी-माजी आमदार-खासदारांना दोन टक्के. म्हाडाच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना दोन टक्के. ज्याच्या हाती पळी, तो आपले पान विसरत नाही. बँकेच्या कारकुनाला रकाना नाही. विनोदी लेखक कलावंतांत धरतात का, हे विचारून यावे असे एकदा मनात आले होते. पण ‘काही विनोद दाखवा’ म्हणाले असते तर पंचाईत.

परवडणारी घरे म्हणजे कोणाला परवडणारी, हे मात्र रकान्यात लिहीत नाहीत. १४ ऑगस्ट २०२३ च्या सोडतीत ४,०८२ घरांसाठी एक लाखाहून जास्त अर्ज होते, आणि त्याच सोडतीत ताडदेवचे साडेसात कोटींचे फ्लॅटही होते. तसल्या एका फ्लॅटला नंबर लागलेल्या आमदारांनी पैसे झेपत नसल्याचे सांगून तो नाकारला. वाचून मला एवढे बरे वाटले! आयुष्यात पहिल्यांदा एका आमदाराची आणि माझी अडचण एक निघाली.

सोडत हा प्रकार मला पटतो आणि पटतही नाही. तिथे वशिला चालत नाही. यंत्राला मेहुणा नसतो. सरकारने प्रामाणिकपणे हात वर करून म्हटले, की कोणाला द्यावे ते आम्हांला ठरवता येत नाही, आता नशीब ठरवील. पण आमच्या बँकेच्या डोळ्यांनी पाहिले तर तिच्यात एक मोठी खोट आहे. सोडतीला मागचे आठवत नाही. वीस वर्षे दरसाल अनामत भरून परत घेणारा आणि यंदा पहिल्यांदा अर्ज करणारा, दोघेही तिच्या लेखी सारखेच. बसथांब्यावर ‘रांगेचा फायदा सर्वांना’ असे लिहिलेले असते; इथे रांगच नाही, फक्त गर्दी आहे. थांबल्याचे व्याज मिळत नाही.

गिरणीकामगारांच्या बाबतीत ही खोट फार जिव्हारी लागते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे गिरण्या गेल्या. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग म्हाडाच्या घरांसाठी यायचा होता. २००१ साली दुरुस्ती झाली: संपूर्ण जमिनीचा नव्हे, तर बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीचा तिसरा हिस्सा. गिरणी म्हटली की जमिनीवर शेड आलेच. कारकुनी भाषेत याला ‘किरकोळ शब्दबदल’ म्हणतात. जून २०१२ मध्ये पहिली मोठी सोडत निघाली. घरे ६,९२५ आणि अर्जदार सुमारे दीड लाख. २२५ फुटांचे घर, साडेसात लाखांना. १ जानेवारी १९८२ ला किंवा नंतर हजेरीपटावर नाव असल्याचा पुरावा हवा होता, पुन्हा तारीख! म्हणजे कोण किती वर्षे राबला याचे दप्तर लोकांनी स्वतःच आणून दाखवले होते. सेवेच्या वर्षांप्रमाणे किंवा वयाप्रमाणे यादी लावता आली असती. आमच्या बँकेत बदलीची यादीसुद्धा सेवाज्येष्ठतेने लागते आणि अर्ध्या दिवसाने चुकली तर युनियन टेबलावर चढते. इथे तीस वर्षे वाट पाहिलेल्यांची नावे यंत्रात घालून ढवळली.

त्या वर्षाअखेरीस आमच्या शाखेत एक आजोबा आले होते. नंबर लागलेला. पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी कापडी पिशवीत. वय अडुसष्ट. कर्जफेड सत्तरीच्या आत व्हायला हवी, हा नियम. म्हणजे साडेसात लाख दोन वर्षांत. मी म्हटले, “आजोबा, मुलाला सहकर्जदार करू या.” मुलगा मागे उभा होता, संपात पाळण्यात होता म्हणे. सिक्युरिटी एजन्सीत बारा तास ड्यूटी, पगार रोख, पगारपत्रक नाही. सुनेचे विचारले. ती पापड लाटायला जायची.

मी कर्ज विभागातल्या साहेबांकडे त्यांना पाठवले आणि हातात टोकन दिले. नंबर त्रेसष्ट, आत एकोणचाळीस चालू होता. आजोबांनी टोकन डोळ्यांजवळ नेऊन पाहिले.

“हे तरी ओळीनंच लागतंय ना, साहेब?”